तर्खडकरांच्या घरची इंग्रजी

वसईच्या शेजारीं पापडी आणि पापडीच्या परिसरांतच तर्खड. हा सारा भाग आतां २०१४ सालीं निराळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत मोडतो. यावर १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षें, पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजीअप्पांनीं किल्ला घेतला, फिरंगी सत्ता गेली; पण तिचे शब्द मागें राहिले. पाव, बटाटा, चावी, पगार, पाद्री, अननस, काजू, घमेलें हे शब्द उच्चारतांना परकी भाषा बोलत असल्याची शंकाहि कोणाच्या मनांत येत नाहीं. हे सगळे एकट्या वसईच्या वाटेनें आले असें नव्हे; गोवें, चौल आणि साष्टी यांचाहि त्यांत वांटा आहे. परंतु ते कोणी शाळेंत बसून पाठ केले नाहींत, हें मात्र खरें. वस्तु आली आणि तिच्या पाठोपाठ तिचें नांव आलें.

इंग्रजीची गोष्ट निराळी झाली. ज्या तहानें दुसरा बाजीराव कंपनीच्या आश्रयाला गेला तो ३१ डिसेंबर १८०२ चा तह वसईचाच, आणि पुढें १६ वर्षांतच पेशवाई बुडाली. नव्या राज्यकर्त्यांची भाषा बाजारांतून किंवा शेजाऱ्यांच्या तोंडून येण्याआधीं पुस्तकांतून आली. शब्द, व्याकरण, निबंध या क्रमानें ती मराठी माणसाच्या हातीं पडली. घरगुती बोलणें, थट्टा, रुसवा, आर्जव हीं सर्वांच्या शेवटीं, आणि पुष्कळांच्या वांट्याला कधींच नाहींत. या उलट्या क्रमाचे परिणाम काय झाले, हें ज्या एका घराण्याच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें, त्या घराण्याला आडनांव दिलें तें या तर्खड गांवानें.

दादोबा, भास्कर आणि आत्माराम हे तर्खडकर बंधु वाढले मुंबईंत. वडिलांचें नांव पांडुरंग. तेंच ते आपल्या नांवापुढें लावीत, आणि त्याच रूपानें ते इतिहासाला ठाऊक आहेत. दादोबांचा जन्म १८१४ चा. ते शिकत होते तेव्हां इंग्रजी शिकूं पाहणाऱ्या मराठी मुलाच्या हाताशीं साधनें अगदींच तुटपुंजीं होतीं. मोल्सवर्थ यांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला; पण तो मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोयीचा होता. इंग्रजी शब्द काढून त्याचे मराठी अर्थ विस्तारानें पाहतां येतील असा मोठा कोश मोल्सवर्थ यांनीं आरंभिला आणि कँडी यांनीं पुरा केला, तो बाहेर पडला १८४७ सालीं. दादोबा तोंवर तेहतीस वर्षांचे झाले होते. मधल्या काळांत बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' १८३२ च्या जानेवारींत सुरू झालें. त्याच्या एका रकान्यांत इंग्रजी मजकूर आणि शेजारच्या रकान्यांत मराठी असे. वर्तमानपत्र म्हणून त्याची थोरवी पुष्कळांनीं गायिली आहे. परंतु दोन भाषा शेजारीं शेजारीं ठेवून एकीचें वाक्य दुसरींत कसें वळतें हें दाखविणारें तें एक पाठ्यपुस्तकहि होतें.

दादोबांनीं इंग्रजी व्याकरण असें पचविलें कीं, लिंडले मरे यांच्या व्याकरणाचा नमुना समोर ठेवून त्यांनीं १८३६ सालीं, बावीस वर्षांच्या वयांत, मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. परभाषेच्या आरशांत स्वभाषेचा चेहरा पाहण्याचा हा उद्योग पुढें आयुष्यभर चालला, आणि लोकांनीं त्यांना मराठीचे पाणिनि म्हटलें. व्याकरण असें नियमांत बांधून घेतां येतें. वाक्प्रचाराचें तसें नाहीं.

याची साक्ष प्रत्येकाला आपल्या घरींच मिळण्यासारखी आहे. मराठींत भूक लागते, ठेंच लागते, झोंप लागते, दार लागतें, झाडाला आंबे लागतात, प्रवासाला पैसे लागतात, मुलाला वळण लागतें आणि म्हातारीला नातवाची आठवण येऊं लागते. एका 'लागणें' या क्रियापदानें किती कामें करावीं! मराठी मुलाला हें कोणी शिकवीत नाहीं, आणि मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला मात्र या एका शब्दापुढें कोशांतील अर्थांची लांबच लांब रांग वाचीत बसावें लागतें. इंग्रजीनें हाच सूड उगविला. 'पुट' म्हणजे ठेवणें हें पहिल्या इयत्तेंत येतें. पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें, हें ठेवण्यावरून कोणाला कसें कळावें? बरें, वाचून अर्थ कळला तरी बोलतांना तो शब्द तोंडांत येईलच असें नाहीं. वाचणाऱ्याला 'पोस्टपोन' लवकर आठवतो, 'पुट ऑफ' उशिरां. कारण पहिला संस्कृत पदासारखा भारदस्त आहे आणि दुसरा चुलीजवळचा.

म्हणून पुढें गेलेल्या विद्यार्थ्याच्या चुका नवशिक्याच्या चुकांहून वेगळ्या असतात. त्याचें व्याकरण शुद्ध असतें, शब्दांचा सांठाहि दांडगा असतो. पण 'तिच्याशीं लग्न केलें' हें मराठी मनांत असल्यानें तो 'मॅरीड विथ हर' म्हणतो, आणि 'त्याविषयीं चर्चा' मनांत असल्यानें 'डिस्कस अबाउट' लिहितो. मिल्टनच्या काव्यांतला शब्द तो वाण्याच्या चिठ्ठींत घालतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी लोकांच्या इंग्रजीचे असे नमुने जमवून त्यांची थट्टा करणारीं पुस्तकें इंग्रजांनीं छापलीं. हंसणाऱ्यांना स्वतःला हिंदी भाषा किती येत होत्या हा प्रश्न त्या वेळीं सहसा कोणी विचारला नाहीं. पण थट्टेचा घाव खरा होता. अर्ज करणाऱ्याचें गाऱ्हाणें कितीहि न्याय्य असो, वाक्प्रचार एका बोटानें चुकला कीं साहेबाचें लक्ष गाऱ्हाण्यावरून उडून चुकीवर जाई.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे भास्कर पांडुरंगांच्या कामाची किंमत कळते. भास्करांचा जन्म १८१६ चा. १८४१ सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांचे असतांना, त्यांनीं 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रांत आठ पत्रें लिहिलीं. खालीं सही 'ए हिंदू' एवढीच. या पत्रांत त्यांनीं कंपनीच्या राज्याचा हिशेब मांडला. पूर्वीच्या राजांनीं प्रजेला लुटलें असेल, पण लुटलेलें याच देशांत खर्च झालें. आतांचा पैसा समुद्रापलीकडे जातो आणि परत येत नाहीं, हा त्यांच्या म्हणण्याचा मुख्य रोख. दादाभाई नौरोजींनीं या विषयावरील आपला पहिला निबंध लंडनमध्यें वाचला तो १८६७ सालीं. त्याच्या सव्वीस वर्षें आधीं मुंबईच्या एका तरुणानें तोच मुद्दा राज्यकर्त्यांच्याच वर्तमानपत्रांत, राज्यकर्त्यांच्याच भाषेंत मांडला होता.

भाषा राज्यकर्त्यांची आहे, ही गोष्ट येथें किरकोळ नव्हे. टोपणनांवाखालीं लिहिणाऱ्याला हुद्दा नसतो, घराण्याचा आधार नसतो, कोणाची शिफारस नसते. वाचकासमोर त्याची वाक्यें तेवढीं उभीं असतात. तीं लंगडीं असतीं तर मुद्द्यांचें उत्तर देण्याचा त्रास कोणी घेतलाच नसता. चार चुका दाखवून हंसण्यावारी नेलें असतें. भास्करांची इंग्रजी नुसती शुद्ध नाहीं, ती टोंचणारी आहे. उपरोध हा वाक्प्रचाराचा सर्वांत कठीण प्रकार. जें बोललें त्याच्या उलट समजावें ही खूण परक्या माणसाला परक्या भाषेंत पोंचविणें म्हणजे तारेवरची कसरत. ती त्यांनीं केली, आणि तीहि मोल्सवर्थ-कँडींचा कोश निघण्याच्या सहा वर्षें आधीं. तो कोश निघाला त्याच १८४७ सालीं भास्कर वारले. वय अवघें एकतीस. त्यांच्या पत्रांकडे पुढें कित्येक दशकें कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं, ही महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाची उणीवच म्हटली पाहिजे.

धाकटे आत्माराम १८२३ सालचे. ते ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून डॉक्टर झाले. १८६७ च्या मार्चमध्यें प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांच्या पुढाकारानें. १८७९ सालीं ते मुंबईचे शेरीफ होते, आणि १८८३ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांपैकीं ते एक. त्यांच्या घरीं इंग्रजी ही पुस्तकाची भाषा राहिली नव्हती. ती जेवणाच्या मेजावर येऊन बसली होती. वडील भावांनीं जें कोशावांचून, कष्टानें, एकेक वाक्य घासून मिळविलें, तें आत्मारामांच्या मुलींना घरच्या वाऱ्यावर मिळालें. त्यांतली अन्नपूर्णा, घरांतील अन्ना, विलायतेंत राहूनहि आली होती.

१८७८ सालीं या घरीं एक सतरा वर्षांचा विद्यार्थी राहावयास आला. त्याचे वडील बंधु सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यांत सिव्हिल सर्व्हिसमध्यें होते आणि त्या वेळीं अहमदाबादेस न्यायाधीश होते. धाकट्या रवींद्रनाथांना विलायतेस न्यावयाचें ठरलें होतें. रवींद्रनाथांची इंग्रजी कच्ची होती असें कोणी समजूं नये. लहानपणीं गुरुजींनीं त्यांच्याकडून शेक्सपिअरच्या मॅकबेथचें बंगालींत भाषांतर करून घेतलें होतें. अहमदाबादच्या शाहीबागेंतील मोठ्या वाड्यांत बंधु कचेरीस गेल्यावर ते कोश घेऊन इंग्रजी ग्रंथ उलगडीत बसत, आणि त्या वाचनावर 'भारती' मासिकांत अँग्लो-सॅक्सन वाङ्मयाविषयीं निबंधहि लिहीत. एवढें असून सत्येंद्रनाथांना दिसलें कीं, ज्याला अँग्लो-सॅक्सन काव्य ठाऊक आहे त्याला चहाच्या मेजावर साखर मागतां येणार नाहीं. यावर उपाय आणखी एक कोश हा नव्हता. त्यांनीं भावाला सुमारें दोन महिने आपल्या स्नेह्याच्या, डॉक्टर आत्मारामांच्या, घरीं ठेवलें.

शिकविण्याचें काम अन्नपूर्णेकडे आलें. ती विद्यार्थ्याहून वयानें कांहींशी मोठी होती. या वर्गांत पाठ्यपुस्तक होतें असें दिसत नाहीं. बोलणें हाच धडा. पुस्तकी विद्येची ऐट मिरविण्याजोगी शिदोरी आपल्यापाशीं नव्हती, तेव्हां कविता करतां येतात एवढेंच भांडवल आपण पुढें केलें, असें रवींद्रनाथांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. ते तिला आपलें 'कविकाहिनी' बंगालींतून वाचून दाखवीत आणि त्याचा अर्थ इंग्रजींत सांगत. म्हणजे शिक्षिका इंग्रजी शिकवीत होती आणि त्याच बैठकींत बंगाली शिकत होती. हा व्यवहार फार बोलका आहे. ज्या गोष्टीविषयीं मनापासून कांहीं सांगावयाचें असतें ती सांगतांनाच परभाषेचें वळण जिभेवर बसतें. साखर मागण्यापुरती भाषा त्या मानानें सोपी. तिनें आपल्याला एक नांव द्यावें अशी इच्छा दाखविली आणि त्यांनीं 'नलिनी' हें नांव दिलें. तें नांव पुढें त्यांच्या लेखनांत पुन्हां पुन्हां आलें.

२० सप्टेंबर १८७८ रोजीं रवींद्रनाथ 'पूना' नांवाच्या आगबोटीनें मुंबईहून निघाले. त्याच सालीं लंडनमध्यें तर्खडकरांच्या थोरल्या पातीचेंहि एक पुस्तक छापून निघालें: स्वीडनबोर्ग या स्वीडिश तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांविषयीं एका हिंदु गृहस्थाचे विचार. लिहिणारे दादोबा, वय चौसष्ट.

दोन महिन्यांच्या अभ्यासाचा उपयोग किती झाला? १९१३ च्या मे महिन्यांत, इंग्रजी 'गीतांजलि' युरोपांत गाजत असतां, रवींद्रनाथांनीं सत्येंद्रनाथांच्याच कन्येला, इंदिरादेवींना, एक पत्र लिहिलें. आपल्याला इंग्रजी लिहितां येत नाहीं ही उघड गोष्ट आहे आणि चहाच्या साध्या आमंत्रणाला इंग्रजींत उत्तर देण्याचीहि आपली छाती होत नसे, असें त्यांत त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें आहे. त्यानंतर सहाच महिन्यांनीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तर्खडकरांच्या घरचा धडा दुसऱ्याच ठिकाणीं उगवला असें मानण्यास जागा आहे. त्या विलायतच्या प्रवासावरचें त्यांचें पत्रांचें पुस्तक १८८१ सालीं निघालें, आणि त्याची बंगाली ग्रंथांची नव्हती, बोलण्यांतली होती. साधु भाषेच्या त्या काळांत हें मोठें धाडस होतें.

मराठी विद्यार्थ्यांनीं तर्खडकर हें नांव पुढें निराळ्याच संदर्भांत ओळखलें. त्या आडनांवाची भाषांतर-पाठमाला पिढ्यान् पिढ्या दप्तरांत होती. मराठी वाक्याचें इंग्रजी आणि इंग्रजीचें मराठी करतांना कित्येकांचीं बोटें शाईनें माखलीं. पापडी-वसईकडच्या मुलांनींहि तीं वाक्यें गिरविलीं असतील, आणि शेजारच्या गांवाचें नांव पुस्तकावर पाहून त्यांना गंमत वाटली असेल.

अन्नपूर्णेचा विवाह हॅरल्ड लिटलडेल यांच्याशीं झाला. ते बडोद्याच्या कॉलेजांत इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक होते. १८९१ सालीं एडिंबरो येथें तिचें निधन झालें. मुंबईच्या त्या दोन महिन्यांची हकीकत रवींद्रनाथांनीं आपल्या लहानपणाच्या आठवणींत सांगितली. तें पुस्तक, 'छेलेबेला', १९४० सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळीं ते ७९ वर्षांचे होते.