पेशीपटल : हळदीच्या कंदातील रचना व पदार्थवहन

पेशीपटल : सजीव पेशीभोवतीचे मेदद्रव्ये व प्रथिने यांचे सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे लवचीक आवरण. पेशीत काय शिरेल आणि काय बाहेर पडेल हे त्यावर ठरते, म्हणून त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात. वनस्पतींत त्याच्या बाहेर सेल्युलोजची पेशीभित्तिका असते. ती पेशीला ताठपणा देते. निवड मात्र करत नाही. पाणी आणि विरघळलेले क्षार तिच्यातून सहज जातात, खरी अडवणूक होते ती आतल्या पटलापाशी.

हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच आहे. पेशीपटलाचे बहुतेक सगळे गुणधर्म या एका पिकात, लागवडीपासून शिजवणीपर्यंत, उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. शाळेत ते कांद्याच्या पापुद्र्यावर आणि बटाट्यावर शिकवतात. या जिल्ह्यात तरी हळकुंडावरच शिकवायला हवेत.

कंदाची अंतर्रचना : हळकुंड म्हणजे मूळ नव्हे, ते जमिनीखालचे खोड होय. त्याच्या बहुतेक पेशी साठवणीच्या असतात. प्रत्येकीत केंद्रक, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, पाणी व क्षार धरून ठेवणारी मोठी रिक्तिका आणि पिष्टकणांनी भरलेली लवके असतात. या पेशींमध्ये विखुरलेल्या तैलपेशींत सुगंधी तेल आणि पिवळे कुर्कुमिन साठते. ओले हळकुंड आडवे कापले की मधला भाग गडद नारिंगी आणि कडेचा फिकट दिसतो. पेशी जिवंत असेपर्यंत रंग आपापल्या जागी राहतो.

पटलाची रचना : गॉर्टर व ग्रेन्डेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये पटल मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असल्याचे दाखवले. रेणूंची पाण्याकडे ओढ असलेली टोके बाहेरच्या बाजूंना आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत, अशी ही मांडणी असते. सिंगर व निकोलसन यांनी १९७२ मध्ये या थरात प्रथिने तरंगत असतात, असे प्रतिमान मांडले. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि मेदात विरघळणारे लहान रेणू दुहेरी थरातून थेट पार होतात. साखर, पोटॅशियम, नायट्रेट यांना प्रथिनांची वाट लागते. पाणी थोडेफार थेट झिरपते, पण त्याचा मोठा ओघ खास जलवाहिनी प्रथिनांतून जातो. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

निष्क्रिय वहन : जास्त संहतीकडून कमी संहतीकडे पदार्थ आपोआप पसरतात ते विसरण, पटलातून पाण्याचे असे जाणे म्हणजे परासरण. ओल्या हळदीच्या लोणच्यात मीठ घातले की काही वेळाने बरणीच्या तळाशी रस साचतो आणि फोडी मऊ पडतात. बाहेरचे द्रावण अतिपरासारी झाल्याने पाणी पेशी सोडून जाते आणि आतले पटल आकसून भित्तिकेपासून सुटते; हा रससंकोच. रासायनिक खत एकाच ठिकाणी जास्त पडले की ओलाव्यातही रोप कोमेजते, त्यामागे हेच कारण असते.

सक्रिय वहन : जमिनीत पोटॅशियम व नायट्रेट बहुधा विरळ असतात, पेशीत दाट. उलट दिशेने ते ओढायचे तर ऊर्जा खर्चावी लागते. पाठ्यपुस्तकांत यासाठी सोडियम-पोटॅशियम पंपाचे उदाहरण असते (येन्स स्को, १९५७), पण तो प्राण्यांच्या पेशींतला. हळदीच्या मुळांतील पंप हायड्रोजन आयन बाहेर फेकतो. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंत विद्युत दाब निर्माण होतो आणि त्या जोरावर क्षार आत येतात. पंपाला लागणारी ऊर्जा श्वसनातून मिळते, श्वसनाला ऑक्सिजन लागतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, पंप मंदावतो आणि शेतात खत असूनही पाने पिवळी पडू लागतात. अशा वेळी आणखी युरिया टाकणे व्यर्थ. आधी पाणी काढून द्यावे. गादीवाफ्यावरील लागवडीचा मोठा फायदा हाच.

शिजवणी व पटलाचा नाश : काढणीनंतर हळद कढईत किंवा वाफेच्या कुकरमध्ये शिजवतात. फेस येऊन पांढरी वाफ आणि हळदीचा खास वास सुटला, काडी हळकुंडात सहज शिरली की ती शिजली असे समजतात. आत घडते ते असे : उष्णतेने प्रथिने विस्कटतात, पटले फाटतात, रिक्तिका रिकाम्या होतात. अडवणारे कोणी न उरल्याने तैलपेशींतला रंग शेजारच्या पेशींत पसरतो आणि कापलेले हळकुंड सर्वत्र सारखे पिवळे दिसते. पिष्टकण फुगून एकजीव होतात, म्हणून वाळलेले हळकुंड टणक होते. कच्ची हळद वाळायला फार वेळ घेते, कारण प्रत्येक पेशी आपले पाणी धरून असते. शिजवलेली हळद उन्हात साधारण १० ते १५ दिवसांत वाळते. कमी शिजली तर हळकुंडे ठिसूळ राहतात, जास्त शिजली तर रंग बिघडतो. पॉलिशला जाण्याआधीच मालाची प्रत बरीचशी इथे ठरलेली असते.

पटल एकदा फाटले की पेशी पुन्हा जिवंत होत नाही आणि शिजवलेल्या हळकुंडाला कोंब येत नाही. म्हणून पुढच्या मे-जूनमधील लागवडीचे बेणे काढणीच्या वेळीच निवडून, न शिजवता, सावलीत साठवतात.