चित्रकथेचा धडा

चित्रांचे पुस्तक म्हणजे अभ्यासाच्या वहीखाली लपवून वाचावयाची चीज, असा आपला जुना समज. पण अमेरिकेत अशीच एक चित्रकथा इतिहास घडविण्याच्या कामी आली, आणि त्या हकीगतीचा एक धागा आपल्या नागपुरातून गेलेला आहे.

जेम्स लॉसन हे तरुण मेथॉडिस्ट मिशनरी १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी येथे अभ्यास केला. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची वार्ताही त्यांनी नागपुरातच वाचली. १९५६ साली ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्या बहिष्कारावर १६ पानांची, १० सेंट किमतीची चित्रकथा निघाली. गांधीजींची रीतही तीत समजावून दिली होती.

नॅशव्हिलमध्ये लॉसन विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. तेथे येणाऱ्या जॉन लुइस यांनीही ती चित्रकथा वाचली होती. वर्गात काहींनी गुंडांचे सोंग घेऊन शिव्या द्यावयाच्या, ढकलावयाचे; बाकीच्यांनी हात न उचलता बसावयाचे. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुले गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. मे महिन्यात तेथील काही दुकानांना बंदी उठवावी लागली.

लुइस पुढे अमेरिकी काँग्रेसचे सभासद झाले. अँड्र्यू आयडिन यांच्या साहाय्याने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्याही चित्रांतून. चित्रकार नेट पॉवेल. 'मार्च' या नावाचे हे तीन भाग २०१३ ते २०१६ या काळात निघाले. तालमीचा तो वर्ग पहिल्या भागात आहे.

हे पुस्तक शिकविताना शिक्षकाने पाने भराभर उलटू नयेत. 'त्यांनी सहन केले' हे वाक्य मुले क्षणात वाचून पुढे जातात. चित्रापाशी त्यांना थांबवता येते. तेथे विचारावे : शिवी देणारा आणि ऐकणारा मित्रच ना? मग देणाऱ्याच्या मनात काय चालले असेल? अशा वेळी गप्प बसणे भित्रेपणाचे की धैर्याचे?

मग एखादे मूल विचारील, "गुरुजी, आपल्याकडे असे होते का हो?" तेव्हा विषय बदलू नये. महाडचे चवदार तळे सांगावे. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह लोकांनी तेथील पाणी प्याल्यावर त्यांच्यावर लाठ्या चालल्या. दूरच्या अन्यायाबद्दल हळहळणे सोपे असते. घरचा अन्याय ओळखता आला, तरच तो धडा शिकविला असे म्हणावे.