राणीचं नाव काय?

मरायच्या वेळी मुंगीला पंख फुटतात, असं आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. राणीची गोष्ट मात्र तिथून सुरू होते, आणि मुंग्यांना नावं देणाऱ्यांची पंचाईतही.

पावसाळ्यात दिव्यावर एक जाडा तपकिरी किडा धडपडतो ना, तो डोरिलस मुंगीचा नर. त्याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदाला लिनियसने १७६४ मध्ये चक्क गांधीलमाशांत घातलं होतं! पुढे नर डोरिलस, आंधळ्या कामकरी टिफ्लोपोन, आणि १८६३ मध्ये बिनपंखांची राणी डिक्थाडिया. एकाच घरात तीन आडनावं.

आपला नेहमीचा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याचं नाव फॅब्रिशियसने १७८७ मध्ये ठेवलं, ते तरंगमबाडीच्या कामकरी मुंगीवरून. शंभर वर्षांनी मुंबई इलाख्यातला वनाधिकारी रॉटन मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला फोरेलकडे धाडायचा. (फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख. वीकेंडचा छंद असावा तर असा!) १८९२ पासून फोरेलचे लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आले, तेही फ्रेंचमध्ये. १९०३ मध्ये बिंगहॅमचा जाडजूड ग्रंथ निघाला. पण या मंडळींच्या हाती सहज लागणार कोण? बारमाही भेटणारी कामकरी. राणी एखाद्या संध्याकाळी उडते आणि जमिनीत गडप होते. त्यामुळे ओळखायच्या कुंज्या मुख्यतः कामकऱ्यांवर बेतलेल्या.

म्हणूनच अकोल्याच्या भाच्याने बाटलीतल्या राणीचा फोटो पाठवून "मामा, जात कोणती?" विचारलं, तेव्हा मी निम्मंच उत्तर दिलं. पाठ फुगीर, तिच्यावर गळालेल्या पंखांच्या खुणा, म्हणजे राणी. कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या, म्हणजे वाळवी नाही. ठेवण मुंगळ्याची, म्हणजे कॅम्पोनोटस. एवढं तरी लगेच कळायलाच हवं, कारण तिचा जीव त्यावर आहे. मुंगळ्याची राणी काही न खाता, निकामी झालेल्या पंखांचे स्नायू जिरवून पहिली पिल्लं वाढवते. तिला सारखं उघडून साखर द्यायला गेलं तर ती बिथरते. उलट उडी मारणाऱ्या हार्पेग्नॅथसची राणी शिकारीला बाहेर पडते. तिला असं कोंडलं तर उपाशी मरेल.

नेमक्या जातीसाठी मुलींची वाट बघायची. आपल्याकडे बाईला 'पिंट्याची आई' म्हणतात, तसंच हे. पहिल्या मुली बारकुड्या निघतात, मोठ्या डोक्याच्या त्यानंतर खूप उशिरा.

तोवर बाटलीवर चिठ्ठी लावलीय: कॅम्पोनोटस, पुढे प्रश्नचिन्ह, अकोला, पकडल्याची तारीख.