सोड्यांची कवचं जातात कुठे? कोलंबीच्या कचऱ्यातून कायटोसान असं बनतं

मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जवळा आणि सोडे दोन्ही मिळतात. जवळा इतका बारीक असतो की तो कवचासकट पोटात जातो. सोडे मात्र सोलून वाळवलेली कोलंबी. म्हणजे बाजारात जितके सोडे येतात, तितकी डोकी आणि कवचं कुठेतरी मागे राहिलेली असतात. कोलंबीच्या वजनाचा साधारण 40 ते 50 टक्के भाग असा निघून जातो.

या कचऱ्यातून कायटोसान नावाची पांढरट, किंचित पिवळसर पावडर बनते. काही जण तिला चिटोसन म्हणतात.

कोलंबीच्या कवचात मुख्यतः तीन गोष्टी असतात. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपला खडू, प्रथिनं आणि या दोघांना धरून ठेवणारं कायटिन. त्यातलं कायटिन वेगळं काढायचं असतं. म्हणून धुतलेली कवचं आधी सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकतात. फेस येतो, खडू विरघळतो आणि कवच लिबलिबीत होतं. अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं की त्याचं कवच जसं नाहीसं होतं, तसाच हा प्रकार. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात गरम करून प्रथिनं काढतात. काही ठिकाणी प्रथिनं आधी आणि खडू नंतर काढतात. उरतं ते कायटिन.

पण कायटिन पाण्यातही विरघळत नाही आणि व्हिनेगरमध्येही नाही, त्यामुळे त्याचा थेट वापर कमी. खरी मेहनत पुढे आहे. 40 ते 50 टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात ते काही तास तापवावं लागतं. त्यात कायटिनच्या साखळीवरचे अ‍ॅसिटिल गट निघून जातात आणि कायटोसान तयार होतं. ते सौम्य आम्लात विरघळतं आणि विरघळल्यावर त्यावर धन विद्युतभार येतो. (हा सोडा कातडी जाळतो, त्यामुळे रील बघून घरी करायचा हा प्रयोग नाही.)

त्या धनभारातच सगळी गंमत आहे. गढूळ पाण्यातले मातीचे कण ऋणभारित असतात. कायटोसान त्यांना चिकटवून खाली बसवतं. रक्तातल्या लाल पेशींचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे जखमेवर कायटोसानची पट्टी दाबली की पेशी तिथे गोळा होतात आणि रक्त थांबतं. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकी सैन्याने अशा पट्ट्या वापरल्या. भारतात अ‍ॅक्सिओ बायोसोल्युशन्स ही कंपनी ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ नावाने अशी पट्टी बनवते. वजन कमी करणाऱ्या कायटोसानच्या गोळ्याही विकल्या जातात, पण चांगल्या चाचण्यांमध्ये त्यांचा परिणाम नगण्यच दिसला आहे.

एवढा उपयोग आहे, तर मग कवचं कचऱ्यात का जातात?

पहिलं कारण वेळ. ओली कवचं मुंबईच्या उकाड्यात काही तासांतच सडू लागतात आणि सडलेल्या मालातून चांगल्या दर्जाचं कायटोसान निघत नाही. ती लगेच कारखान्यात न्यावी लागतात, नाहीतर वाळवावी किंवा गोठवावी लागतात. दुसरं कारण, माल विखुरलेला असतो. 1875 साली सुरू झालेल्या ससून डॉकवर किंवा तळोज्याच्या प्रक्रिया कारखान्यांत एकाच जातीच्या कवचांचे ढीग मिळू शकतात. पण घरोघरी आणि छोट्या बाजारांत सोललेली कोलंबी भाजीच्या देठांत आणि प्लास्टिकमध्ये मिसळते. तो कचरा निवडत बसणं कुणालाच परवडत नाही.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि ‘कचऱ्यातून सोनं’ छापाच्या पोस्टमध्ये हेच गाळलं जातं. शंभर किलो ओल्या कवचांतून कायटोसान निघतं जेमतेम तीन ते पाच किलो. 2015 साली ‘नेचर’मधल्या एका लेखात म्हटलं होतं, की एक किलो कायटोसानसाठी एक टनाहून जास्त पाणी लागतं. ते पाणी आम्ल, सोडा आणि प्रथिनं घेऊन बाहेर पडतं. शुद्ध न करता नाल्यात सोडलं, तर कवचांचा कचरा मिटवताना दुसरा कचरा तयार होतो.

म्हणून आता आम्लाऐवजी दह्यातल्यासारखे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वापरून खडू काढण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यात रसायनं कमी लागतात आणि प्रथिनं खाद्यासाठी परत मिळतात. पण वेळ जास्त जातो आणि शेवटच्या पायरीसाठी बहुतेक ठिकाणी तीव्र सोडाच वापरावा लागतो.