दुरुस्तीनंतर ट्रकचं इंजिन मिसिंग करतंय? डिझेल पंप उतरवण्याआधी हे तपासा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीत माल भरणाऱ्या गाड्यांमध्ये जुने टाटा १६१३ आजही दिसतात. अशा गाडीचं हेड उतरवून काम होतं, इंजिन चालू होतं, पण आयडलला केबिन हलते. अहिल्यानगर रस्त्यावर इमामपूरचा घाट लागला की भरलेली गाडी ओढत नाही. मग संशय थेट डिझेल पंपावर जातो. पंप उतरवला की कॅलिब्रेशनचा खर्च आलाच, शिवाय गाडी उभी राहते आणि भाडं बुडतं.

दुरुस्तीआधी नसलेली तक्रार दुरुस्तीनंतर आली असेल, तर दोष बहुधा तेव्हा उघडलेल्या भागातच असतो. त्यामुळे पहिला प्रश्न मेकॅनिकला विचारायचा: नेमकं काय काय खोललं होतं?

जुनं इंजिन वेगळं कसं?

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांनी १९५४ मध्ये एकत्र ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या परंपरेतलं टाटा ६९७ हे सहा सिलिंडरचं, सुमारे ५.७ लिटरचं इंजिन. त्यात संगणक नाही, त्यामुळे स्कॅनर लावून दोष सापडत नाही. कान, नाक आणि पाना, एवढ्यावरच काम.

कोणता सिलिंडर बंद आहे?

इंजिन आयडलला ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. या इंजिनांत नोझल साधारण २०० बार दाबाला उघडतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. ही धार कातडीतून आत शिरू शकते आणि जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं. चष्मा हवाच. गळती बोटानं नव्हे, पुठ्ठ्यानं शोधायची.

एकच सिलिंडर बंद असेल, तर त्याचा नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहता येतो. दोष नोझलबरोबर सरकला, तर नोझल खराब. जागेवरच राहिला, तर त्या सिलिंडरचं टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन तपासायचं. नोझलखालचा तांब्याचा वॉशर हमखास विसरला जातो. जुना भोकातच चिकटून राहतो, वर नवा बसतो, नोझल उंच राहतो आणि डिझेलचा फवारा चुकीच्या जागी पडतो.

सगळंच इंजिन डळमळत असेल तर?

आयडल वर-खाली होतं, गाडी दहा मिनिटांनी बंद पडते, तेव्हा लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता मोठी. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. त्या भागातल्या सैल जोडातून डिझेल गळण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून पाइप कोरडा दिसतो आणि सगळे फसतात. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. बुडबुडे थांबेपर्यंत, मग तेच पंपावर. हवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर टाकीकडचे जोड आणि वॉशर बदलायचे.

धूरही बरंच सांगतो. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. टायमिंग मागे असू शकतं. टायमिंग पुढे गेलं की इंजिन कडक ठोकतं. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटकडे पाहायचं. निळा धूर ऑइलचा.

'दोन-चार फेऱ्या मारा, सेट होईल' हा सल्ला महागात पडतो. बंद सिलिंडरमधलं कच्चं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर गाडी हलवायची नाही.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच पंप टेस्ट बेंचवर पाठवायचा. उतरवण्यापूर्वी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर छिन्नीनं समोरासमोर खूण करून ठेवायची, नाहीतर परत बसवताना टायमिंग नव्यानं जुळवत बसावं लागतं.