विश्रामबागेचे खांब आणि कागद

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला, याबद्दल दुमत नाही. बांधला कधी, असे विचारले की 1807 ते 1810 यांमधली वेगवेगळी साले पुढे येतात. काम सहा वर्षे चालले आणि दोन लाख रुपये लागले, असे मात्र बहुतेक जण सांगतात. हे धरले आणि 1810 हे पूर्णत्वाचे साल मानून मागे मोजले, तर आरंभ 1804च्या आसपास येतो. वसईचा तह 31 डिसेंबर 1802चा. मे 1803 मध्ये बाजीराव इंग्रजी फौजेच्या आधाराने पुण्यात परतला आणि त्याच सुमारास, 1803-04 मध्ये, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. हे अनुमान बरोबर असेल, तर उपाशी शहरात सागवानाच्या तुळया चढत होत्या. वाड्याच्या नक्षीचे कौतुक करताना हा काळ डोळ्यांआड होऊ नये असे मला वाटते.

पुढचा कागद जास्त स्पष्ट आहे. नोव्हेंबर 1817 मध्ये पुणे इंग्रजांकडे गेले. ऑक्टोबर 1821 मध्ये पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि 1868 मध्ये ते येरवड्याला गेले.

मग 13 मे 1879. बुधवारवाडा जळून गेला आणि विश्रामबागेचा पूर्वेकडचा भागही आगीत सापडला. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड तेव्हा चालूच होते, त्यामुळे सरकारला आधी राजकीय कटाचा वास आला. तपासात निघाले ते वेगळेच: सरकारी पुस्तकांच्या भांडारातल्या एका नोकराने अपहार झाकण्यासाठी आग लावली होती. जळलेली बाजू लोकवर्गणीतून आणि नगरपालिकेच्या पैशांतून पुन्हा उभी राहिली. पुढे वाड्यात नगरपालिकेची कचेरी आली, आणि 1950 मध्ये महानगरपालिका झाल्यावरही काही वर्षे कारभार तिथूनच चालला.

म्हणजे वाडा एका सालाचा नाही. दुरुस्ती करणाऱ्याने ‘बाजीरावाच्या वेळचे रूप’ परत आणायला निघावे का? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. पुणेकरांनी वर्गणी काढून उभारलेली पूर्वेची बाजू हाही अस्सल दस्तऐवजच. तिला पेशवाईचा मुलामा देणे म्हणजे कागदावरची तारीख खोडणे.

जुईनगरसारख्या सिडकोच्या वसाहतीत राहणाऱ्याला लाकडी सांगाड्याचा मोठा गुण मुद्दाम समजून घ्यावा लागतो. आमच्याकडे काँक्रीटमधली सळई गंजली की पुनर्विकासाची सभा भरते. वाड्यात भार खांब-तुळयांवर असतो, मधली विटांची भिंत बरीचशी भरावाची. त्यामुळे एकेक अवयव सुटा करून बदलता येतो. सर्वात आधी खराब होतो तो खांबाचा पाय. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. दगडातून चढलेली ओल लाकडाच्या आडव्या कापात शिरते, मागोमाग वाळवी येते. वरून रंगवलेला खांब धडधाकट दिसतो आणि टोचणी लावली की ती बोटभर आत जाते. अशा वेळी तुळईला टेकू देऊन भार उचलायचा, कुजलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापायचा, तितकाच नवा सागवानी तुकडा सांध्यात बसवून खुंट्या मारायच्या. अख्खा खांब बदलणे सोपे असते, पण दर्शनी सज्जाखालच्या सुरूच्या आकाराच्या खांबांवरची कोरीव केळफुले त्यासोबत कायमची जातात.

भिंतीचेही तसेच. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापले की ती आत कोंडते आणि भिंतीतल्या लाकडाकडे वळते. ‘मजबुती’साठी केलेल्या अशा दुरुस्तीने जुन्या वाड्यांचे फार नुकसान केले आहे.

वाड्यांच्या कामात कागदांचा आधार किती तपशील देतो, हे शनिवारवाड्यावरून कळते: 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी, 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांती, मूळ बांधकामाचा खर्च 16,110 रुपये. तो वाडा 1828 मध्ये सात दिवस जळत राहिला. लाकूड संपले, दगडी जोती उरली, आणि आता आतल्या महालांची कल्पना वर्णनांवरूनच करावी लागते. विश्रामबागेत अजून लाकूड आहे. 1964च्या व्हेनिस सनदेने घातलेली अट इथे अक्षरशः पाळावी: नवा भाग जुन्याशी जुळावा, तरी वेगळा ओळखू यावा. बसवलेल्या प्रत्येक नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला साल कोरावे, आणि कोणता खांब, किती लांबीचा काप, लाकूड कुठले, याची वही महापालिकेच्या दप्तरात ठेवावी.