मिरगाच्या थेंबाचा उलटा प्रवास

जूनचा दुसरा आठवडा. विदर्भातल्या नाचणगावच्या एका वावराच्या धुऱ्यावर तुम्ही उभे आहात. सरकी टोबायची की थांबायचे, याचा खल चालू असतानाच मिरगाचा पहिला टपोरा थेंब तुमच्या मनगटावर पडतो. पुसू नका. इथून काळ उलटा फिरवायचा आहे.

पाव तास मागे. थेंब वर उठतो, तुम्हीही त्याच्यासोबत. ढगात शिरताच त्याचे विघटन होते: सुमारे दहा लाख मेघकण, एकेक जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. प्रत्येकाच्या पोटात एक सूक्ष्म केंद्रक, म्हणजे वाफ ज्यावर साचते तो कण. ते नसते तर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट चढल्याशिवाय वाफेचे पाणी झाले नसते.

खात्री करायला 1880 साली स्कॉटलंडला जा. संशोधक जॉन एटकन काचेच्या दोन भांड्यांत वाफ सोडतो आहे. साध्या हवेच्या भांड्यात दाट धुके दाटते. गाळलेल्या हवेच्या भांड्यात काहीच दिसत नाही. गाळणी कशाची? कापसाची.

पुन्हा आपल्या थेंबाकडे, काही दिवस मागे. खाली सह्याद्री, महाबळेश्वर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची प्रयोगशाळा 2012 पासून इथे ढगांतच बसून कण मोजते. समुद्राकडून आलेले कितीतरी कण घाटातल्या पावसात धुऊन जातात आणि पुढे धूळ, धूर, झाडांचे कण हवेत मिसळतात. तेव्हा तुमच्या थेंबातली सगळीच केंद्रके समुद्राची असतील, असे नाही. आपण समुद्राच्या कणाचा माग काढू.

नाचणगावपासून सहाशे किलोमीटरवरचा किनारा ओलांडलात. खवळलेला अरबी समुद्र. वाऱ्याने सोमालिया-ओमानकडे खोलातले थंड, पोषक पाणी वर आणले आहे आणि त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजले आहेत. लाट फुटते, हवा पाण्यात कोंडते, बुडबुडे वर निघतात. आता एका बुडबुड्याला चिकटून राहा. वर येताना तो प्लवकांची प्रथिने, शर्करा, स्निग्ध पदार्थ अंगाला लावून घेतो. पृष्ठभागी त्याचा पापुद्रा ताणतो, पातळ होतो आणि फाटतो. त्यातून उडालेल्या बारीक थेंबांत सेंद्रिय द्रव्य भरपूर. मग रिकाम्या खळग्यातून पाण्याची धार उसळते आणि जरा मोठे, खारट थेंब फेकते. हवेत ते सुकतात. उरतो मीठ आणि सेंद्रिय पदार्थांचा कण, अनेकदा मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा. मीठ पाणी ओढते. सेंद्रिय भाग कधी पृष्ठताण कमी करून मदत करतो, कधी उंचावर बर्फ धरायला आधार देतो.

आता काळ पुढे सोडा. मनगटावरून ओघळलेले पाणी नाल्याने वर्धा नदीत, तिथून प्राणहिता, गोदावरी आणि बंगालच्या उपसागरात. सोबत तुमच्या काळ्या मातीतला थोडा नत्रही गेला. तोही प्लवकांचेच खाद्य. जुलै-ऑगस्टात त्याच उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे विदर्भात झड लागते. त्या ढगांच्या केंद्रकांना कोणी पोसले, असे विचारले तर यादीत नाचणगावचेही नाव घालावे लागेल.